सतरा नंबरची बोअर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही. वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा आठ दिवस त्यांच्या उशाशी बसून होतो. एका दुपारी अगदी ओठांपर्यंत आलं होतं – आणि मी विचारलं, पाणी हवंय का? त्यांनी मान हलवली. नको म्हणाले. तेवढ्यावर ते राहिलं.

सांगायला लागलो की मी आधी दुसरंच काही सांगत बसतो, हे मला ठाऊक आहे. आताही तसंच होणार. पण या वेळी मधे उठून जायचं नाही, एवढं ठरवून बसलोय.

मी काम काय करतो ते आधी सांगतो. जमिनीखाली तेल किंवा वायू असण्याची शक्यता किती, हे कागदावर मांडून देतो. समुद्रातलं नव्हे – जमिनीवरचं, शेतांखालचं, गावांखालचं. आपल्या देशाला लागणारं बरंचसं तेल बाहेरून येतं, म्हणून कंपन्या अशा जागा शोधत असतात, जिथे पूर्वी कुणी नीट पाहिलेलं नाही. त्या आम्हाला विचारतात – इथे विहीर खोदावी का? दोन-तीन किलोमीटर खोल काय आहे ते कुणालाच दिसत नाही. आम्ही जमिनीला वरून दणका देतो आणि खालून येणारा प्रतिध्वनी मोजतो. कुठे लवकर परत आला, कुठे उशिरा, यावरून खालचे थर काढायचे. एखादा थर मधेच उंच उठलेला दिसला, उलट्या परातीसारखा, तर तिथे तेल अडकून राहिलेलं असू शकतं. असू शकतं – एवढंच. आमचा सगळा धंदा या दोन शब्दांवर उभा आहे.

ऑफिस गोखिवऱ्याला. प्लास्टिकच्या बादल्या काढणाऱ्या एका गाळ्याच्या वर. खालचं मशीन दाब द्यायला लागलं की आमच्या टेबलावरच्या पेन्सिली घरंगळायच्या. बाहेरून आलेल्या माणसाला खरं वाटत नसे, की देशात कुठे विहीर खोदायची आणि कुठे नाही याचा सल्ला बादल्यांच्या या कारखान्याच्या डोक्यावरून निघतो.

तिथे मला राऊत सरांनी घेतलं.

मी करमाळ्याकडचा. घरात पदवी घेतलेला पहिला. वडील पाणाडे होते – कडुलिंबाची दुबेळकी फांदी हातात धरून शेतात अनवाणी फिरायचे, फांदी झुकली की म्हणायचे, इथं मारा बोअर. कधी पाणी लागायचं, कधी नाही. लागलं तर नारळ आणि टोपी. नाही लागलं तर महिनाभर त्या गल्लीनं जायचं नाही. मला त्यांची लाज वाटायची. खरंच वाटायची. मी भूगर्भशास्त्र घेतलं तेच मुळी अंदाजाच्या बाहेर पडायला – यंत्र, आकडे, पुरावा. मुलाखतीत सरांनी विचारलं, वडील काय करतात, तर मी म्हणालो शेती. मग का कुणास ठाऊक, खरं सांगून टाकलं. सर इतके हसले! म्हणाले, "अरे, म्हणजे तू खानदानी आहेस की! आम्ही तरी दुसरं काय करतो? आमची फांदी जरा महाग, एवढंच."

माझं इंग्रजी कच्चं होतं. माझा प्रत्येक अहवाल सर लाल पेनानं दुरुस्त करायचे आणि ऑफिसात कुणाच्या हाती लागायच्या आत मला परत द्यायचे. मनवेलपाड्यात चाळीतली खोली त्यांनीच त्यांच्या ओळखीनं मिळवून दिली. दर रविवारी गिरीजला त्यांच्या वाडीवर जेवायला बोलवायचे. काकू पानावर वाढताना म्हणायच्या, "हे जमिनीच्या पोटातलं सगळं बघतात हो. फक्त चष्मा कुठे ठेवलाय ते दिसत नाही." माझ्या घरच्या कुणीही माझ्यासाठी जे करू शकलं नसतं, ते या माणसानं केलं. हे मी आधीच सांगून ठेवतो. पुढचं ऐकताना ते लक्षात असावं. माझ्या बाजूनं नव्हे, माझ्या विरुद्ध.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सरांनी मला मोजणीवर पाठवलं. शेजारच्या राज्यात, एका नदीच्या काठचा सपाट मुलूख. मोजणी करणारी तुकडी दुसऱ्या कंपनीची होती. माझं काम त्यांच्यावर नजर ठेवण्याचं. कुणी आकडे ढापू नयेत, मनानं भरू नयेत, म्हणून मी. प्रत्येक तक्त्याखाली माझी सही लागायची.

इथे एक गोष्ट समजावून सांगावी लागेल, कारण सगळं तिच्यावरच आहे. जमिनीचा सगळ्यात वरचा थर भुसभुशीत असतो – वाळू, पोयटा. प्रतिध्वनी त्यातून रेंगाळत येतो. कडक मुरमातून झटकन येतो. म्हणून ठरावीक अंतरावर लहान बोअर मारायची, आत ऐकायचं यंत्र सोडायचं, वर लोखंडी पत्र्यावर घण घालायचा आणि वरचा मऊ थर किती जाड आहे ते मोजायचं. तेवढा उशीर नंतर हिशेबातून वजा करतात. हा आकडा चुकला तर काय होतं? मऊ थर आहे त्यापेक्षा जाड धरला, तर उशीर जास्त वजा होतो आणि खालचे सगळे थर त्या जागी वर उचललेले दिसतात. म्हणजे खाली जो डोंगर नाहीच, तो नकाशावर उभा राहतो. पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे शिकवतात. मलाही सरांनीच शिकवलं होतं, बादलीत वाळू भरून.

माझ्या पट्ट्यात चोवीस बोअर होत्या. सोळा झाल्या. सतरावी एका टेकाडावर येत होती – पंचवीसेक घरांची वस्ती, भोवती नदीची वाळू, आणि वस्ती तेवढी उंचावर. तिथल्या मोकळ्या जागेतच आमची खूण होती. आम्ही गाडी घेऊन पोचलो तर त्या जागेवर मांडव. आंब्याच्या डहाळ्या, लाऊडस्पीकर, हळदीच्या हातांच्या बायका. नवरीचे आजोबा पुढे आले. पांढरं मुंडासं, हातात काठी. मला कळावं म्हणून हिंदीत म्हणाले, "बेटा, शादी का घर है. तीन दिन बाद आना, जितना चाहे उतना खोदना. अभी खाना खाके जाओ."

आम्ही जेवलो. डाळ, भात, कसलासा गोड शिरा. आजोबा स्वतः आग्रह करत होते. आणि जेवताना माझ्या मनात एकच चाललेलं – तीन दिवस कुठून आणू? बोअरची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या पट्ट्याला जाणार होती.

तक्त्यात एक रकाना असतो – 'बोअर मारली नाही, कारण'. तो त्यासाठीच असतो. तिथे 'वस्तीत लग्न' असं लिहायचं होतं. तीन शब्दसुद्धा नाहीत. मी लिहिले नाहीत.

का नाही लिहिले? मला कुणी धमकावलं नव्हतं. उलट गाडीवरचे गायकवाड मामा म्हणाले होते, "साहेब, लिहून टाका, नाही मारली म्हणून. फार तर शिव्या घालतील. शिव्यांनी भोकं पडत नाहीत अंगाला." पण दोनच दिवसांपूर्वी सरांचा फोन आला होता. म्हणाले होते, "तुझ्या पट्ट्यात एकही बोअर सुटलेली नाही, शाब्बास रे." ते 'शाब्बास' मला मोडायचं नव्हतं. एवढंच होतं. याहून मोठं, याहून समजण्यासारखं कारण मी पुष्कळ वर्षं शोधलं – सापडलं नाही.

गाडीत बसून मी सोळा नंबरचे आकडे सतरा नंबरच्या तक्त्यात उतरवले. अगदी तेच नाहीत – एखादा पुढे, एखादा मागे, नैसर्गिक वाटावं म्हणून. मऊ थर बावीस मीटर, असं लिहिलं. सही केली. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं, हे मला अजून आठवतं. गायकवाड मामा आरशातून बघत होते.  पुढच्या मुक्कामापर्यंत नुसती विडी ओढत राहिले.

आणि पाहा – मी भूगर्भशास्त्र शिकलेला माणूस. भोवती सगळी नदीची वाळू आणि मधे एक टेकाड, ज्यावर लोक पिढ्यान्‌पिढ्या घरं बांधून राहिलेत. लोक तिथेच का राहिले असतील? पुराचं पाणी जे टेकाड खाऊ शकलं नाही, ते कडक असणार – मुरूम, खडक, काहीतरी. तिथे बावीस मीटर वाळू कशी असेल? माझ्या वडिलांनी अनवाणी पायानं सांगितलं असतं. मी त्या कडक जमिनीवर मांडी घालून जेवलो होतो.

सात-आठ महिन्यांनी नकाशा तयार झाला. सर भिंतीपाशी उभे होते, कानावर पेन्सिल. आणि नकाशावर एक टेकडी उठली होती – गोल, देखणी, चारी बाजूंनी बंद. तेल अडकायला याहून चांगली जागा नाही. ऑफिसातले सगळे जमले. कुणीतरी पेढे आणायची भाषा करायला लागलं. मी मागे उभा होतो. टेकडीचा माथा कुठे आहे ते मला लांबूनच दिसलं. सतरा.

सर हरखले नव्हते. म्हणाले, "इतकी गोल टेकडी मला आवडत नाही. निसर्ग इतका सुबक नसतो." मग मला जवळ बोलावलं. खालचं मशीन चालू होतं, टेबल थरथरत होतं. त्यांनी माथ्यावर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "सतरा नंबरला तू स्वतः उभा होतास ना?"

मी म्हणालो, "हो सर."

उभा होतो, ते खरंच होतं – असंही मी नंतर स्वतःला सांगून पाहिलंय. किती हलका असतो माणूस!

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. "मग झालं," म्हणाले. अहवालात यशाची शक्यता त्यांनी आधी दहात एक लिहिली होती. ती खोडून चारात एक लिहिली. माझ्या समोर. दुसऱ्या कुणाच्या आकड्यावर त्यांनी असं केलं नसतं. पुन्हा बोअर मारून बघा म्हणाले असते. माझ्यावर त्यांचा विश्वास होता म्हणून तसं म्हणाले नाहीत.

तेव्हापासून मी डॉक्टरांकडे जातोय. ते म्हणतात, पित्त आहे.

परवानग्या, जमीन, रस्ता – विहीर सुरू व्हायला तीन वर्षं गेली. या तीन वर्षांत मी रोज सरांच्या समोरच्या टेबलावर बसत होतो. रोज. माझं लग्न झालं, त्याला सर आणि काकू करमाळ्यापर्यंत आले. वडिलांनी सरांचे पाय धरले आणि सरांनी वडिलांचे. एकमेकांना उठवता उठवता दोघं पडायचे बाकी राहिले, सगळे हसत होते. मी हसलो नाही. फोटोत दिसतं.

विहिरीवर देखरेखीला पुन्हा मलाच पाठवलं. टेकाड ओळखू येत नव्हतं. माथा सपाट करून त्यावर खडी अंथरली होती, मधे लोखंडी मनोरा. मांडवाची जागा नेमकी मनोऱ्याखाली गेली होती. ते आजोबा कुंपणापाशी उभे होते, बरेच वाकलेले. मला ओळखलं त्यांनी. काठी उगारून, हसत म्हणाले, "क्यों बेटा, तीन दिन बोला था, तीन साल लगा दिए!" भोवतीचे मजूर हसले. मी त्यांच्या पाया पडलो. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

पहिल्याच दिवशी खोदणाऱ्यानं ओरडून सांगितलं – दोन मीटरवरच कडक लागलंय, पातं बदलावं लागेल.

दोन. मी बावीस लिहिले होते.

म्हणजे नकाशावरची टेकडी खाली नव्हतीच. ती माझ्या पेनातून आली होती. हे त्या जागेवर मला एकट्याला कळलं होतं, आणि विहीर तेव्हा अजून दोन माणसांइतकीही खोल नव्हती. थांबवता आली असती. फोन खिशात होता. मी केलासुद्धा सरांना फोन. त्यांनी उत्सुकतेनं विचारलं, "काय म्हणतेय विहीर?"

"चांगलं चाललंय, सर."

दोन महिने चांगलं चाललं. मी रोज सकाळी रोजचा अहवाल पाठवायचो. पहिल्या पानावर वरच्या थराची नोंद असते. ते पान कुणी वाचत नाही, सगळ्यांना शेवटचं हवं असतं. मी ते पान बरोबर भरलं. दोन मीटर, असं खरं लिहिलं. मला वाटायचं, कुणीतरी वाचेल. कुणीतरी वाचावं आणि मला सांगावं लागू नये. आणि कुणी वाचू नये, असंही वाटायचं. दोन्ही एकाच वेळी. हे भित्रेपण कसं असतं, तुम्हाला माहीत आहे का? माहीत नसावं.

विहीर कोरडी निघाली. नकाशानं जिथे टेकडी सांगितली होती तिथे थर सपाट होते, जेवणाच्या पाटासारखे.

कंपनीच्या बैठकीत त्यांचे साहेब सरांना म्हणाले, "राऊत साहेब, तुमची टेकडी कोणी चोरून नेली का?" सगळे हसले. सर उभे राहिले आणि म्हणाले, "नकाशा माझा आहे. चूक माझी आहे." मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होतो.  माझ्यापुढे पाण्याचा ग्लास होता. मी पाणी प्यायलो.

दोन महिन्यांत आमच्या मालकांनी सरांना सन्मानानं घरी पाठवलं. शाल, श्रीफळ. निवृत्तीला अजून चार वर्षं होती. त्यांचं टेबल मला मिळालं. त्याच पगारवाढीवर मी चाळीतून निघून, मनवेलपाड्यातच, दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला पहिलं ताट सरांचं होतं.

इथे संपलं असतं तर कदाचित मी गप्पच राहिलो असतो. पण सरांच्या बाजूनं ते संपलं नाही. गिरीजच्या घरी, ओटीवर, त्यांनी त्या नकाशाच्या प्रती पसरल्या. रोज सकाळी वाडीतून एक फेरी मारायची, केळीचं काय ते बघायचं, आणि मग नकाशे. वर्षानुवर्षं. काकू म्हणायच्या, "पापड वाळत घालायला जागा नाही, सगळीकडे यांची टेकडी वाळतेय." रविवारी मी गेलो की सर सरकून मला जागा करून द्यायचे आणि विचारायचे, "बघ रे, कुठे चुकलं माझं?"

आणि मी बघायचो! हे तुम्हाला नीट समजावं म्हणून थांबून सांगतोय. मी चष्मा लावून, त्यांच्या शेजारी मांडी घालून, त्यांची चूक शोधायचो. इथे तर नसेल, सर? या खड्ड्यात? त्यांचं बोट सतराच्या जवळ यायला लागायचं. मी काहीतरी दुसरं काढायचो. वायव्येकडचा एखादा कोपरा दाखवायचो आणि सर बिचारे तिकडे वळायचे. पुढचा सगळा आठवडा त्या कोपऱ्यात घालवायचे.

एकदा त्यांनी मोजणीचे मूळ तक्ते मागितले. सोळा आणि सतरा शेजारी ठेवले असते तर त्यांना पाच मिनिटं लागली नसती. मी म्हणालो, फायली रद्दीत गेल्या, सर. गेल्या नव्हत्या. मी त्या घरी आणून ठेवल्या होत्या.

गेल्या वर्षी सरांना चूक 'सापडली'. मला फोन करून बोलावून घेतलं. चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा होता. त्यांनी एक तर्क बांधला होता – त्या वयात त्यांना एका बाजूनं कमी दिसायला लागलं होतं, दोन रेषा त्यांनी एक धरल्या असाव्यात, आणि हट्टानं टेकडी पाहिली असावी. तर्क चुकीचा होता, पण सरांनीच मांडलेला, म्हणून सुसंगत होता. ते म्हणाले, "हे लिहून ठेवतो. नव्या मुलांना उपयोग होईल. तू टाइप करून देशील?"

आठ पानं होती. 'माझी चूक' असं शीर्षक. मी ती घरी आणून टाइप केली, ऱ्हस्व-दीर्घ बघितलं. सहाव्या पानावर एक वाक्य होतं: 'मोजणीत काही दोष असण्याची शक्यता मी विचारात घेत नाही, कारण आकडे आणणारा माझा सहकारी प्रत्येक बोअरवर स्वतः उभा होता आणि त्याच्याइतका प्रामाणिक माणूस मी या क्षेत्रात पाहिलेला नाही.' मी ते टाइप केलं. एक अक्षरही न बदलता. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. बायकोनं विचारलं, बरं नाही का? म्हटलं, पित्त.

ती पानं एका कॉलेजच्या अंकात छापून आली. सरांनी मला प्रत दिली. सही करून.

तरीसुद्धा मी हे लिहायला बसलो नसतो. मागच्या महिन्यातल्या एका सकाळमुळे बसलोय.

वाडीत सरांच्या शेजारी दामूभाऊ आहेत, भाजीवाले. त्यांच्या विहिरीचं पाणी खारट व्हायला लागलंय. गिरीज समुद्राजवळ, तिथे गोड पाणी खाऱ्या पाण्यावर सायीसारखं असतं – नवी विहीर कुठे घ्यायची आणि किती खोल जाऊन थांबायचं, ते कळलं पाहिजे. जास्त खोल गेलात की खारं. पूर्वी सगळी आळी हे सरांनाच विचारायची. सर वाडीतून एक चक्कर मारायचे, माती चिमटीत घ्यायचे, जुन्या विहिरीत वाकून बघायचे आणि काठीनं खूण करायचे. त्यांनी खूण केलेली एकही विहीर खारट निघालेली मी ऐकलेली नाही.

शनिवार होता, मी ओटीवर चहा घेत होतो. दामूभाऊ आले, पायऱ्यांवर टेकले. म्हणाले, "भाऊ, एकदा येऊन बघा ना. माणसं सोमवारी येतायत खणायला. तुम्ही खूण केल्याबिगर मी कुदळ लावणार नाय."

सरांनी वाडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे हात केला. "ह्याला विचार, दामू. माझं वाचन चुकतं आता."

"काय बोलता भाऊ! तुमचं?"

"अरे, छापून आलंय," सर हसून म्हणाले. "वाचलं नाहीस?"

दामूभाऊंना ते थट्टा वाटली. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू आत निघून गेल्या.

मग आम्ही तिघं वाडीत गेलो. मी इकडून तिकडे फिरलो. मला त्या मातीतलं काय कळतं? मी आयुष्य दोन-तीन किलोमीटर खोलीत घालवलंय, दहा-पंधरा हातांचं मला काय ठाऊक? सरांना कळत होतं. त्यांचे डोळे आपोआप एका जागेकडे जाऊन आले होते – जुन्या बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, वरच्या अंगाला, दोन नारळांच्या मधे. मी ते पाहिलं आणि तीच जागा दाखवली. किती हात, दामूभाऊंनी विचारलं. मी अंदाजानं सांगितलं, बारा. सांगताना सरांकडे वळलो. बारा नसेल तर ते टोकतील, निदान भुवई उचलतील, अशी मला आशा होती.

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. शिकणारा मुलगा मास्तरांच्या तोंडाकडे बघतो तसे. बारा म्हणालो तशी त्यांनी मान हलवली आणि दामूभाऊंना म्हणाले, "बारा. लक्षात ठेव. तो म्हणतोय तर बारा."

मी त्यांची नोकरी घेतली होती, ते मला माहीत होतं. त्यांचं टेबल, त्यांचं नाव घेतलं होतं, तेही माहीत होतं. हे माहीत नव्हतं. ज्या जमिनीवर ते जन्मले, तिच्यावरची त्यांची नजरही मी घेतली आहे. त्यांना आता स्वतःच्या दारातली माती वाचता येत नाही. आणि सोमवारी माणसं कुदळी घेऊन येणार होती, माझ्या आकड्यावर.

रविवारीच परत जाऊन मी दामूभाऊंना सांगितलं, माझा अंदाज आहे तो, खात्री नाही, भाऊंना पुन्हा विचारा. ते म्हणाले, विचारलं हो, ते म्हणतात तुमचंच बरोबर. त्यांनी बारा हात खणलं. पाणी अजून तरी गोड आहे. त्यांनी मला पपया पाठवल्या.

आता हे छापायला देतोय. सर सगळं वाचतात, हेही वाचतील. त्याआधी मी त्यांच्यासमोर जाऊन हे बोललो नाही. ओटीपर्यंत दोनदा गेलो, चहा पिऊन परत आलो. तेव्हा शेवटी सुद्धा कागदाच्या आडूनच, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

सर, सतरा नंबरची बोअर मारलीच नव्हती. वस्तीत लग्न होतं. मी सोळाचे आकडे उचलून लिहिले, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा हो म्हणालो. दोन मीटरवर कडक लागलं तेव्हाच मला कळलं होतं. तक्ते माझ्याकडे आहेत. तुमची नजर कमी झाली नव्हती, दोन रेषा तुम्ही एक धरल्या नव्हत्या. इतकी गोल टेकडी आवडत नाही, असं तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला होतात.

तुमचं वाचन बरोबर होतं.